बीएस्सी करता करता प्रयोगशाळेतलं खरं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपली की एसवाय-टीवायची मुलंमुली स्टाफरूमच्या दाराशी घुटमळायला लागतात. "सर, उन्हाळ्यात कुठे लॅबमध्ये काम मिळेल का?" या एका प्रश्नाच्या पोटात दहा प्रश्न असतात, आणि दर वर्षी ते तेच असतात. पुण्यामुंबईच्या कॉलेजांत ही माहिती सीनियरकडून ज्युनियरकडे आपोआप जाते. आमच्याकडे ती पोचेपर्यंत अर्जाची तारीख उलटून गेलेली असते. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे.

आम्ही दर आठवड्याला प्रॅक्टिकल करतोच. संशोधन त्याहून वेगळं काय?

प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. ग्रॅम स्टेनिंग (जीवाणू रंगवून ओळखायची पद्धत) केलं की ई. कोलाय हा जीवाणू गुलाबी दिसायलाच हवा, जांभळा दिसला तर चूक तुमची. मग जर्नलमध्ये रीडिंग जुळवून लिहिलं जातं. मी त्यासाठी मुलांना दोष देत नाही, कारण जर्नल तपासताना आम्हीही जुळलेलं रीडिंगच शोधत असतो. संशोधनात मात्र जांभळा दिसला की काम सुरू होतं. अल्कोहोल कमी वेळ लावलं गेलं का? नमुन्यात दुसरा जीवाणू मिसळला का? की खरंच काही वेगळं हाती लागलं आहे? याचं उत्तर तुमच्या गाईडनाही माहीत नसतं, ते शोधायला तर तुम्हाला घेतलेलं असतं.

संधी चांगली की नुसती नावापुरती, हे ओळखायला मी मुलांना तीन गोष्टी बघायला सांगतो. तुमच्या वाट्याला एक प्रश्न आला आहे का, मग तो कितीही छोटा असो. आकडे तुम्ही स्वतःच्या हाताने घेता का. आणि आठवड्यातून एकदा तरी कुणी तुमच्यासमोर बसून त्या आकड्यांबद्दल बोलतं का. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन फार दिवस टिकत नाहीत.

सुरुवात कधी करायची? एफवायला फार लवकर होतं का?

एफवायला वाचायला आणि हात बसवायला सुरुवात करा, एसवायला अर्ज करा. बहुतेक उन्हाळी कार्यक्रमांचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत सुटतात आणि काम मे-जूनमध्ये असतं. सगळ्यात जास्त मुलं इथेच हुकतात. मार्चमध्ये परीक्षा संपत आली की त्यांना उन्हाळ्याची आठवण होते, आणि तोवर याद्या लागून गेलेल्या असतात.

एफवायला आणखी एक गोष्ट करता येते. आपल्याच कॉलेजातल्या एखाद्या सरांकडे किंवा मॅडमकडे छोटं काम सुरू असतं. कुणी पीएचडी करत असतं, कुणाला विद्यापीठाकडून लहानसा निधी मिळालेला असतो. त्यांना जाऊन विचारा. माध्यम (सूक्ष्मजीव वाढवायचं अन्न) तयार करणं, प्लेट ओतणं, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र) लावणं ही कामं तिथे शिकून घेतलीत, तर बाहेरच्या लॅबमधले तुमचे पहिले दोन आठवडे वाचतात.

उन्हाळी कार्यक्रम कोणते आहेत?

सगळ्यात मोठं दार म्हणजे तीन विज्ञान अकादम्यांचा एकत्रित उन्हाळी संशोधन कार्यक्रम: बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी. यात निवड झाली की देशभरातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे साधारण दोन महिने काम करायला मिळतं आणि विद्यावेतनही मिळतं. अर्जात तुम्हाला काय करायचं आहे त्याचं छोटं टिपण आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. शिक्षकांनाही यात अर्ज करता येतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण एखाद्या कॉलेजातले एक सर असे जाऊन आले की पुढच्या पाच वर्षांच्या मुलांची वाट सोपी होते.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम तर पदवीच्या मुलांसाठीच आहे. आधी शिबिर होतं. तिथून निवडलेल्या मुलांना सुट्ट्यांमध्ये येऊन एखादा प्रकल्प पुढे नेता येतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतानाच याकडे लक्ष ठेवा, टीवायला उशीर झालेला असतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी आणि बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची उन्हाळी शिष्यवृत्ती हेही नावाजलेले कार्यक्रम आहेत. मात्र पात्रता प्रत्येक कार्यक्रमात, आणि काही ठिकाणी विषयागणिकही वेगळी असते. पात्रतेचा परिच्छेद दोनदा वाचून मगच अर्जाला बसा.

बारावीच्या गुणांवर इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळालेल्यांनी एक गोष्ट विसरू नये. त्या वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी ६०,००० तुम्हाला मिळतात आणि उरलेले २०,००० उन्हाळी प्रकल्पाच्या मार्गदर्शनासाठी ठेवलेले असतात. म्हणजे संशोधन करणं हा त्या शिष्यवृत्तीचाच भाग आहे. शिवाय गाईडला पत्र लिहिताना "माझ्याकडे इन्स्पायर आहे" हे एक वाक्य वजनदार ठरतं.

भौतिकशास्त्राच्या मुलांसाठी पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन संस्था मिळून रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. जुन्नर-आंबेगावची मुलं शाळेच्या सहलीत त्या बघून येतात, आणि आपणही तिथली निरीक्षणं हाताळू शकतो हे त्यांना कुणी सांगत नाही.

एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती आहे. तिचा प्रस्ताव आपल्याच कॉलेजातल्या गाईडबरोबर लिहायचा असतो.

कार्यक्रमात निवड झाली नाही. आता?

तर परस्पर लिहा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बाहेर काम करून आलेले बहुतेक जण असेच गेले आहेत. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक शास्त्रज्ञाचं पान असतं, विषय असतो, ईमेल असतो. लिहायला कुणाची ओळख लागत नाही.

ईमेल कसा लिहायचा?

इथे जरा थांबतो, कारण निम्मा निकाल ईमेलमध्येच लागतो.

मुलं सहसा काय करतात ते सांगतो. इंटरनेटवरून एक मजकूर उचलतात: आदरणीय महोदय, मी अत्यंत मेहनती आणि जिज्ञासू विद्यार्थी आहे, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत... आणि तो साठ पत्त्यांवर पाठवतात. एका मुलाने तर सगळे साठ पत्ते समोर दिसतील असेच टाकले होते. शास्त्रज्ञाला असा ईमेल पहिल्या ओळीतच ओळखू येतो.

त्याऐवजी आठ-दहा लॅब निवडा. प्रत्येक लॅबचा गेल्या दोन-तीन वर्षांतला एक शोधनिबंध काढा. सगळा समजणार नाही, पहिल्यांदा मलाही समजत नाही. सारांश वाचा, आकृत्या आणि त्यांच्याखालच्या ओळी वाचा, आणि चर्चेचा शेवटचा परिच्छेद वाचा. पुढे काय करायचं राहिलं आहे, ते लेखक बहुतेक वेळा तिथेच लिहितात. तुमचा प्रश्न तिथून निघतो.

नाशिक जिल्ह्यातल्या एका मुलीने पाठवलेला ईमेल मला फार आवडला होता. तो इंग्रजीत होता, मी आशय मराठीत देतो:

"मॅडम, मी एसवाय बीएस्सीला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. साठवणुकीतल्या कांद्यावर येणाऱ्या काळ्या बुरशीवरचा आपला शोधनिबंध वाचला. त्यात साठवणुकीचं तापमान स्थिर ठेवलं होतं. आमच्या घरी कांदाचाळ आहे. एप्रिल-मेमध्ये चाळीत दुपारच्या आणि पहाटेच्या तापमानात खूप फरक पडतो, आणि चाळीच्या मधल्या थरात कांदा आधी काळा पडतो असं वडील सांगतात. तापमान असं वरखाली होत राहिलं तर बुरशीची वाढ वेगळी होते का, हे बघता येईल का? मला माध्यम तयार करणं, प्लेटवर बुरशी वेगळी करणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणं येतं. पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती बनवायची पद्धत) केलेला नाही. २ मे ते ३० जून पूर्ण वेळ येऊ शकते. कॉलेजचं पत्र आणि गुणपत्रिका सोबत जोडली आहे."

एवढंच. मोबाईलच्या पडद्यावर एका नजरेत मावतं. तिने निबंध वाचला आहे हे दिसतं, येतं काय आणि येत नाही काय ते सरळ सांगितलं आहे, तारखा दिल्या आहेत. कांदाचाळीचा उल्लेख तर सोन्यासारखा आहे, कारण ती गोष्ट त्या मॅडमच्या लॅबमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तिला चौथ्या दिवशी उत्तर आलं.

पाठवण्याआधी आपल्या इंग्रजीच्या सरांना दाखवा. समोरच्या व्यक्तीचं नाव बरोबर लिहिलं आहे ना आणि डॉक्टर किंवा प्रोफेसर लावलं आहे ना, तेवढं पुन्हा तपासा. विषयाच्या ओळीत "उन्हाळी प्रकल्पासाठी विनंती", त्यापुढे महिने आणि तुमचा वर्ग, एवढं पुरे.

उत्तरच येत नाही. पुन्हा लिहिलं तर उद्धटपणा होईल का?

होणार नाही. दहा-बारा दिवस थांबा आणि त्याच ईमेलला जोडून दोन ओळींची आठवण पाठवा. तरीही उत्तर नसेल तर पुढच्या लॅबकडे वळा. त्यांनी तुमचं पत्र वाचून बाजूला टाकलं असंच काही नसतं. ती माणसं प्रवासात असतात, एखाद्या प्रकल्पाचा अहवाल तोंडावर आलेला असतो.

आणखी एक वाट आहे. त्याच लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या एखाद्या ताईला किंवा दादाला लिहा. लॅबमध्ये या उन्हाळ्यात जागा आहे का, हे तिथल्या विद्यार्थ्यांना बऱ्याचदा आधी कळतं. शिवाय तुम्हाला रोज शिकवणार तेच असतात.

शोधनिबंध विकत घ्यावे लागतात का?

नाही, आणि घेऊही नका. पबमेड सेंट्रल, अर्काइव्ह, बायोअर्काइव्ह या संकेतस्थळांवर लाखो निबंध मोफत आहेत. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजना सुरू झाली आहे. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्रीय संशोधन संस्थांना खुली आहेत. तुमचं कॉलेज तिच्यात आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. नसेल तर थेट लेखकालाच लिहून प्रत मागा. लेखक आनंदाने पाठवतात, आणि त्या निमित्ताने ओळखही होते.

माझे गुण कमी आहेत, एक केटीही होती. काही उपयोग आहे का?

अकादम्यांच्या कार्यक्रमासारख्या ठिकाणी गुणांची चाळणी लागते, तिथे अडचण येईल. परस्पर लिहिलेल्या पत्राला अशी चाळणी नसते. केटी लपवू नका. तिच्याबद्दल रडगाणंही नको, विचारलं तर एका वाक्यात सांगा. मी गाईड म्हणून बघतो ते एवढंच, की मुलगा सांगितलेल्या वेळी येतो का आणि चूक झाली की येऊन सांगतो का.

आमच्या गावाजवळ एकही संशोधन संस्था नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो बहुतेक वेळा खरा नसतो. पुण्यात एनसीएल (रसायनशास्त्र), आघारकर संशोधन संस्था, एनसीसीएस (पेशीविज्ञान), आयसर, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहेत. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञान), परळची हाफकिन आणि पुढे खारघरला टाटा स्मारकाचं कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक. ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, आणि सगळे अर्ज तिथेच जाऊन पडतात. आता नकाशा जरा मोठा करून बघा. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधनाची संस्था आहे आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, राजगुरुनगरला कांदा-लसणाची संस्था, पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचं केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, बारामतीजवळ अजैविक ताणावर काम करणारी संस्था, फलटणकडे पाडेगावला उसाचं संशोधन केंद्र. पनवेलला भूचुंबकत्व संस्था. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं, आणि त्या प्रत्येकाची जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली संशोधन केंद्रं. गोव्यात दोना पावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे आणि वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र. सिंधुदुर्गच्या मुलांना ही दोन्ही पुण्यापेक्षा जवळ आहेत.

कृषी संशोधन केंद्रांकडे बीएस्सीची मुलं फिरकतच नाहीत. "आम्ही ॲग्रीचे नाही ना सर," म्हणतात. पण तिथे बुरशी आहे, जीवाणू आहेत, मातीचं रसायनशास्त्र आहे, जनुकशास्त्र आहे. शिवाय दाराबाहेर खरं शेत आहे, आणि तिथला शास्त्रज्ञ तुम्हाला सोबत बांधावर नेतो.

घराजवळच्या साध्या प्रयोगशाळाही बघा. साखर कारखान्याची लॅब, दूध संघाची लॅब, जिल्ह्याची पाणी तपासणी प्रयोगशाळा, माती परीक्षण केंद्र. तिथे रोज तेच मोजमाप चालतं हे खरं. पण दहा वर्षांच्या नोंदी कपाटात पडून असतात आणि त्यांच्याकडे प्रश्न घेऊन कुणी बघितलेलं नसतं. तालुक्यातल्या कुठल्या विहिरींत नायट्रेट वाढत गेलं आणि तिथे कुठलं पीक आहे, हा बीएस्सीच्या मुलाला झेपणारा प्रश्न आहे.

२०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. नमुने नीरी आणि आघारकर संस्थेकडे गेले, आणि आघारकरच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव निघाले. ते वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, की त्या काठावरच्या गावातून रोज कॉलेजला जाणाऱ्या एखाद्या मुलीने वर्षभर दर पंधरा दिवसांनी पाण्याची क्षारता आणि सामू (पीएच) मोजून ठेवला असता, तर ती वही किती मोलाची ठरली असती. सामू मोजायचं यंत्र बहुतेक प्रत्येक कॉलेजच्या कपाटात असतं.

घर सोडणं शक्यच नाही, तर?

जनुकांचे क्रम आणि प्रथिनांच्या रचना जगभरातल्या शास्त्रज्ञांनी खुल्या ठेवल्या आहेत, साध्या लॅपटॉपवर त्यांचं विश्लेषण शिकता येतं. अनेक शास्त्रज्ञ अशा कामासाठी दुरून मार्गदर्शन करायला तयार असतात. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी सीझनवॉच या झाडांच्या नोंदींच्या उपक्रमात भाग घ्यावा. त्यात एकच झाड निवडून पालवी, फुलं, फळं यांची नियमित नोंद करायची असते. ओलं काम (द्रव, रसायनं, जीवाणू हाताळणं) मात्र घरून शिकता येत नाही, तेवढं मान्य करावं लागतं.

मोठ्या नावाची संस्था घ्यावी की छोटी लॅब?

माझा पहिला उन्हाळा एका मोठ्या नावाच्या संस्थेत गेला. गाईड दोन महिन्यांत दोनदा भेटले, एकदा आल्यावर आणि एकदा प्रमाणपत्रावर सही करताना. मधल्या काळात मी पिपेटच्या टिप भरून डबे ऑटोक्लेव्ह केले आणि काचसामान धुतलं. कुठल्या प्रयोगासाठी धुतो आहे ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या विभागात एका मॅडमकडे काम केलं. तिथे यंत्रं जुनी होती, पण रोज दुपारी चार वाजता चहा घेताना त्या माझी वही उघडायच्या आणि बोट ठेवून विचारायच्या, "हा आकडा असा का आला?" आज मी जे काही शिकवतो ते त्या दुपारच्या प्रश्नांतून आलेलं आहे.

म्हणून जायच्या आधी विचारून घ्या: रोज मला कोण शिकवेल? मागच्या उन्हाळ्यात आलेल्या विद्यार्थ्याने काय काम केलं? त्या विद्यार्थ्याशी बोलता येईल का? हे विचारणं गैर नाही. चांगल्या गाईडला असे प्रश्न आवडतात. काचसामान धुणं हलकं काम नाही, प्रत्येक लॅबमध्ये प्रत्येकाने ते करायचं असतं. पण दोन महिने तेवढंच असेल तर तिसऱ्या आठवड्यात शांतपणे जाऊन सांगा, की मला एक छोटा प्रयोग स्वतः करायला आवडेल.

इंटर्नशिपसाठी पैसे मागत आहेत. द्यावे का?

काही सरकारी संस्था प्रशिक्षण शुल्क घेतात. ते संकेतस्थळावर लिहिलेलं असतं, संस्थेच्या खात्यात जातं आणि पावती मिळते. ते परवडत असेल तर हरकत नाही. "पंधरा दिवसांत संशोधन प्रमाणपत्र, सोबत शोधनिबंध हमखास" असं सांगून पैसे मागणाऱ्यांकडे मात्र अजिबात जाऊ नका. व्हॉट्सॲपवर जाहिरात, वैयक्तिक खात्यावर पैसे, गाईडचं नाव विचारलं की टाळाटाळ, एवढ्यावरून ओळखू येतं. पोटाला चिमटा काढून साठवलेले आईवडिलांचे पैसे अशा ठिकाणी गेलेले मी पाहिले आहेत, त्याचं फार वाईट वाटतं.

मुलीला दोन महिने परगावी पाठवायला घरचे तयार नाहीत.

घरच्यांची काळजी खोटी नसते, तिला माहितीने उत्तर द्या. संस्थेचं निवडपत्र, गाईडचं नाव, राहण्याचं ठिकाण, तिथे असलेल्या एखाद्या सीनियर मुलीचा नंबर, एवढं कागदावर लिहून वडिलांच्या हातात ठेवा. शक्य असेल तर तुमच्या मॅडमना घरी बोलावा. मी स्वतः अशा आठ-दहा घरी जाऊन चहा घेतला आहे, आणि दोन घरं सोडली तर सगळीकडे परवानगी मिळाली. कमला सोहोनींची गोष्टही मी सांगतो. १९३३ साली मुंबईहून बीएस्सी झालेल्या या मुलीला बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. ती मागे हटली नाही. एक वर्ष काम बघून ठरवू, या अटीवर तिने प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजहून पीएचडी घेतली.

राहण्याची सोय निवड झाल्याच्या दिवसापासून बघायला लागा. संस्थेच्या वसतिगृहात उन्हाळी मुलांना खोली मिळेलच असं नाही.

"आविष्कार"मध्ये भाग घेतला तर उपयोग होतो का?

होतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा हा संशोधन महोत्सव २००६ पासून चालू आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचा त्यात स्वतंत्र गट असतो. खरा फायदा बक्षिसाचा नाही. भित्तिपत्रकासमोर उभं राहून अनोळखी परीक्षकाला आपलं काम पाच मिनिटांत सांगावं लागतं, तो सराव पुढे मुलाखतीत कामाला येतो. फक्त विषय आदल्या आठवड्यात शोधू नका. परीक्षक म्हणून बसलं की ते लगेच कळतं.

चार वर्षांच्या पदवीत संशोधन आपोआपच येणार ना?

आपोआप नाही. यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के आणि त्याहून जास्त गुण असलेल्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स निवडता येतं, त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो. तुमच्या कॉलेजात ते वर्ष आहे का, आणि गाईड म्हणून कोण आहेत, हे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा.

दोन महिन्यांत शोधनिबंधावर नाव येईल का?

बहुधा नाही. त्या अपेक्षेने जाऊही नका.

पहिल्या आठवड्यात काय करायचं?

मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून उचलायचं साधन) हातात घ्या आणि तासभर नुसतं पाणी उचला. त्याचं बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा असतो आणि सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबायचं असतं. नवीन मुलं घेतानाच दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबतात आणि जास्त द्रव उचलतात. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वजनकाट्यावर बघा. १०० मायक्रोलिटर पाणी म्हणजे ०.१ ग्रॅम. दहा वेळा उचला, दहा वजनं लिहा. माझ्या एका विद्यार्थ्याची पहिली दहा वजनं ०.०९१ पासून ०.११८ पर्यंत पसरली होती. शनिवारपर्यंत सगळी ०.०९९ ते ०.१०१ मध्ये आली. तोवर त्याने एकही "खरा" प्रयोग केला नव्हता, पण गाईडने त्याच्या हातात एन्झाइमची ट्यूब दिली ती या कागदाकडे बघून.

वही बांधलेली घ्या, सुटे कागद नकोत. पेनने लिहा, पेन्सिलने नाही. चूक झाली तर एक रेघ मारून पुढे लिहा, पांढरा रंग लावून झाकू नका. तारीख, माध्यमाचा बॅच नंबर, कोणत्या रॅकवर ट्यूब ठेवली, खोलीत किती उकडत होतं, सगळं लिहा.

प्रयोग पुन्हा पुन्हा फसतो आहे. घरी परत जावं का?

एका विद्यार्थिनीचं सांगतो. ती पीसीआर करत होती. डीएनए न घातलेल्या ट्यूबमध्ये पट्टा (डीएनए असल्याची खूण) दिसायला नको, आणि तिला तो तीन आठवडे दिसत होता. म्हणजे कुठेतरी डीएनए मिसळत होता. तिने रोज एक गोष्ट बदलली: नवा बफर, नवे प्रायमर, दुसरा पिपेट, दुसरं टेबल. शेवटी पाणी बदललं. आधीची शुद्ध पाण्याची बाटली सगळ्या लॅबने हाताळलेली होती. नव्या पाण्याच्या छोट्या छोट्या ट्यूब भरून घेतल्या आणि पट्टा गेला. तिच्या अहवालात मूळ प्रश्नाचं उत्तर अर्ध्या पानाचंच होतं आणि या तीन आठवड्यांची चार पानं होती. गाईडने तिला पुढच्या उन्हाळ्याला परत बोलावलं.

काही परवानग्या लागतात का?

कॉलेजचं बोनाफाईड आणि ना हरकत पत्र लागतं. माणसाचं रक्त, लाळ किंवा आरोग्याची माहिती घेणार असाल तर संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आधी हवी, मित्रांचं रक्त घेत असाल तरीही. रक्ताशी काम असेल तर हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का ते बघा. संरक्षित जंगलातून नमुने आणायचे तर वन विभागाची परवानगी लागते. लॅबमध्ये चप्पल चालत नाही, बंद बूट घ्या.

परदेशी कार्यक्रमांचं काय?

जर्मनीचा डाड-वाईज आणि कॅनडाचा मायटॅक्स ग्लोबलिंक हे दोन माहीत असू द्या. पात्रता आणि तारखा त्या त्या वर्षीच्या अधिकृत पानावर बघा. दोन्हीकडे स्पर्धा मोठी आहे, आणि इथे एक उन्हाळा काम केलेलं असेल तर अर्जात लिहायला काहीतरी ठोस असतं.

काम संपल्यावर शिफारसपत्र कसं मागायचं?

शेवटच्या आठवड्यात मागा, सहा महिन्यांनी नको. त्याआधी तुमचा भाग नीट आवरून द्या. फ्रीझरमधल्या प्रत्येक ट्यूबवर नाव, तारीख आणि आत काय आहे ते पुसलं न जाणाऱ्या पेनने लिहा आणि त्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवा. मूळ वही लॅबमध्ये ठेवायची असते. आपल्यासाठी तिचे फोटो घ्यायचे असतील तर गाईडना विचारून घ्या. मग गाईडना दहा ओळींत लिहून द्या: मी काय केलं, काय जमलं, काय अर्धवट राहिलं. चांगलं पत्र त्या दहा ओळींवरच लिहिलं जातं. ऑक्टोबरमध्ये तुमच्या जागी आलेली मुलगी तो फ्रीझर उघडेल आणि "डबा ३, रांग ब" शोधेल, तेव्हा तिला तुम्हाला फोन करावा लागू नये, इतकी ती यादी स्पष्ट असू द्या.